सुखांबराचा नमस्कार

अंग हलेनासं झालेल्या बाईने कपडे निवडायचे नसतात. तिचे कपडे सोयीचे असायला हवेत, एवढंच. कोणाच्या सोयीचे, हे विचारायचं नसतं. मी विचारलं आणि घरात तोंडाळ ठरले. तशी मी आधीपासूनच होते, त्यामुळे नवीन नुकसान काही झालं नाही.

मी वैजयंती रेठरेकर. सांगलीत मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि उमेदीची सगळी वर्षं खो-खोची पंच. मैदानावर माझा हात वर गेला की गडी बाद, मग ती आमदाराची भाची का असेना. पुढे मानेतल्या मज्जारज्जूला सूज आली आणि मानेखालचं सगळं गेलं. मान वळते, तोंड चालतं, आवाज बारीक झालाय पण आहे. बाकीचं अंग खुर्चीत असतं आणि मी त्याच्यावर बसवलेली असते.

पहिली काही वर्षं मी गाऊनमध्ये काढली. मागून उघडा आणि मानेशी दोन नाड्या. पुढून पाहिलं तर बाई, मागून पाहिलं तर बेवारस. ज्याने कुणी हा गाऊन पहिल्यांदा बेतला, त्याने तो घालून बसणाऱ्या बाईचा विचार केला नव्हता, तिला तो चढवणाऱ्याचा केला होता. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "किती सुटसुटीत आहे ना!" त्यांच्या अंगावर मात्र मी असलं सुटसुटीत कधी पाहिलं नाही.

त्याच सुरुवातीच्या दिवसांत घरात बैठक बसली होती. माझं पुढे काय करायचं, हा विषय. मला विचारायची गरज कुणाला वाटली नाही, पण दार लावायचीही वाटली नाही. प्रभाकरभाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, कुटुंबातले कर्ते, शांतपणे म्हणाले, "श्रीधर, भावनेत वाहून जाऊ नकोस. ती आता माणूस राहिलेली नाही, सामान झालंय. सामान ठेवायच्या जागा असतात." माझे यजमान गप्प बसले. त्यांनी मला कुठे ठेवलं नाही, हे त्यांचे उपकार. पण भावाला दाराबाहेरही काढलं नाही. आता ते हयात नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल एवढंच.

तेव्हापासून मी भाऊजींशी बोलले नाही. ते आले की मी मान भिंतीकडे वळवायची. उरलेल्या अवयवाचा याहून चांगला उपयोग मला सुचला नाही. माझ्या मुलाला, निनादला, यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दोन्ही बाजू समजून घेतल्या असत्या. त्याला ती खोडच आहे.

मग सुखांबर आलं.

नाव ऐकूनच माझं डोकं उठलं. पण वस्तू खोटी नव्हती. नायलॉनचा धागा पीळ देऊन देऊन गुंडाळला की त्याची बारीक स्प्रिंग होते. ती तापवली की आखडते, निवली की सैल पडते. आपला स्नायू दुसरं काय करतो? असे हजारो धागे रेशमात विणायचे, त्यांच्या सोबतीला केसाएवढी तार, तारेत खुर्चीच्या बॅटरीतून किंचित वीज. कुठला धागा केव्हा आखडायचा हे एक चिप ठरवते. रुग्णांना कपडे घालणाऱ्या नर्सेसच्या हालचाली बघून बघून ती शिकलेली असते. बिछान्यावर मला या कपड्यावर नुसतं निजवायचं. बाह्या आपल्या आपण हाताभोवती मिटतात, पाठ सरळ होते, साडीच्या शिवलेल्या निऱ्या चुंबकांनी जागेवर बसतात. पूर्वी सुनेचा सगळा सकाळचा वेळ माझ्या कपड्यांत जायचा. आता ती चहा ठेवून येईपर्यंत मी साडी नेसून बसलेली असायची.

पहिल्या दिवशी आरशात ताठ बसलेली, अंजिरी साडीतली बाई दिसली आणि मी रडले. ते खरंच सांगते. आणि दुसरं सुख त्याहून मोठं. "नाक" म्हटलं की उजवा हात वर येऊन नाक खाजवायचा. ज्याचं नाक कित्येक वर्षं दुसऱ्याच्या मर्जीने खाजवलं गेलंय, त्यालाच हे कळेल.

एक मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं. माझ्या मेंदूपासून हातापर्यंतचा रस्ता मानेत खचला होता. सुखांबराने तो रस्ता दुरुस्त केला नव्हता. त्याने हातांना दुसरा मालक दिला होता. मी सांगितलेलं तो ऐकायचा, पण फोनवर 'पालक' म्हणून ज्याचं नाव असेल त्याचं आधी ऐकायचा. तिथे नाव होतं निनादचं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ज्याच्यासाठी मी पालक म्हणून सह्या केल्या, तो आता माझा पालक होता. आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

नातीचं लग्न ठरलं आणि निनादने सुखांबरात 'संस्कार' नावाची सोय घालून घेतली.

"आई, लग्नघरात माणसं येणार. तू नुसती बसून राहिलीस तर बरं दिसत नाही," तो म्हणाला. "यात आपली सगळी वंशावळ भरलीय. गळ्याशी हे बटण आहे ना, त्यातला कॅमेरा माणूस ओळखतो. वडीलधारं कोणी आलं की तुझे हात आपोआप जोडले जातात. समोरच्याने हात जोडले तरी जोडले जातात."

"मला नको असेल तर?"

"नमस्काराला कोण नको म्हणतं?"

हे असं असतं. हजारो धाग्यांचं यंत्र, त्यात विज्ञानाची केवढी अक्कल, आणि आमच्या लोकांना त्याचा सुचलेला उपयोग काय, तर म्हातारीला वळण लावणं.

पहिल्याच सकाळी दिवाणखान्यातून खुर्ची जाताना माझे हात सासऱ्यांच्या तसबिरीला जोडले गेले. परत येताना पुन्हा. चहाला, जेवायला, बाथरूमला, प्रत्येक खेपेला सासरे आणि प्रत्येक खेपेला नमस्कार. हयात असताना या माणसाने मला मैदानावरच्या अर्ध्या चड्डीवरून ऐकवायचं शिल्लक ठेवलं नव्हतं. तसबिरीत ते समाधानी दिसत होते.

दवाखान्यात जायच्या दिवशी तर कळस झाला. रस्त्याच्या कडेचे वाढदिवसाचे फ्लेक्स आता हलते असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. भाऊ, दादा, आप्पा, त्यांचे आधारस्तंभ आणि त्या आधारस्तंभांचे आधारस्तंभ, सगळे हात जोडून हसत उभे. समोरच्याने हात जोडले की जोडायचे, हे सुखांबराला शिकवलेलं. व्हॅनच्या काचेतून मी घरापासून दवाखान्यापर्यंत शहरातल्या यच्चयावत गुंडाला नमस्कार करत गेले. सिग्नलला एक टोळकं थांबलं होतं. त्यातला एक म्हणाला, "आज्जी लई मानत्यात की ओ आप्पांना!" दुसऱ्याने व्हिडिओ काढला.

"हसू नकोस," मी केतकीला म्हणाले. केतकी माझी सून. ती हसत नव्हती. तिने पुढे होऊन माझ्या हातांवर शाल टाकली. शालीखाली हात जोडले जात राहिले.

निनादने फोटो आणि फ्लेक्स तेवढे वगळले आणि माझी तक्रार दूर झाली असं समजून मोकळा झाला.

त्यानंतर प्रभाकरभाऊजींनी नातीचं केळवण केलं. लग्नाआधीचं हे जेवण कुटुंबातल्या मोठ्याने करायचं असतं, आणि मोठे तेच. ऋजुता, माझी नात, म्हणाली, "आजी, माझ्यासाठी ये ना. बोलू नकोस हवं तर." तिच्यासाठी गेले. मान वळवून बसायचं, गोड खायचं, परत यायचं, असं ठरवून गेले. हातांचा विचारच मनात आला नाही. इतकी वर्षं ते माझे नव्हतेच ना.

भाऊजी दारात उभे होते. खुर्ची उंबऱ्याशी थांबली. माझी मान वळली एका बाजूला आणि हात आले समोर. छान, सावकाश, छातीशी नेऊन, बोटांना बोटं लावून. शेवटी थोडं पुढे वाकवण्याचीही सोय होती, ते मला तेव्हा कळलं. सुखांबराने मला त्या माणसापुढे वाकवलं.

"वा!" भाऊजी गहिवरले. "वैजयंती, शेवटी सुचलं म्हणायचं. माझ्या मनात काही नाही हो."

"मी नाही केला," मी भिंतीकडेच बघत म्हणाले. "कपड्याने केलाय."

सगळे हसले. भाऊजींच्या सूनबाई म्हणाल्या, "तोंडाने काही म्हणोत, हात तर जोडले ना!" फोटो निघाले. आम्ही घरी पोचायच्या आत ते सगळ्या नातेवाइकांत फिरलेही, खाली मजकूर, 'कटुता संपली'. मी माझ्या तोंडाने जे सांगत होते ते कुणाला ऐकू जात नव्हतं. नायलॉन काय म्हणतंय ते मात्र सगळ्यांना पटलं होतं.

घरी आल्यावर मी निनादला म्हणाले, "ते संस्कार काढ."

"लग्नापर्यंत राहू दे ना, आई. काका किती खूश झाले पाहिलंस ना? तुला काय त्रास होतो सांग. हात तुझे दुखत नाहीत. तुला तर ते कळतही नाहीत."

हे तो वाईट बुद्धीने बोलला नाही. चांगल्या बुद्धीनेच बोलला. लग्नात भाऊजी भर मांडवात माझ्यासमोर येऊन उभे राहणार, फोटोवाला असणार, आणि मी पुन्हा वाकणार. सामानाने मालकापुढे वाकावं तशी.

"केतकी," दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "मला दुकानात ने. लग्नासाठी कपडे घ्यायचेत."

"सुखांबराची ती पैठणी आहे ना, आई?"

"मला ज्याला अक्कल नाही असा कपडा हवा."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि गाडी काढली.

रुग्णांच्या सामानाच्या त्या दुकानात विक्रेता तरुण होता आणि माझ्याशी बोलायचं नाही हे त्याला पाठ होतं. "यांना पुढून उघडणारा देऊ की मागून?" त्याने केतकीला विचारलं. "रंग कुठला चालतो यांना?"

"यांना जीभ आहे," मी म्हणाले. "पुढून. आणि पाठीला शिवण नको, दिवसभर बसून ती शिवण मांसात रुतते. मला कळत नाही, जखम झाली की डॉक्टरला कळतं. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी हवी, हात पिरगाळून आत कोंबायचे नसतात. पुढून घेर लांब हवा, बसल्यावर गुडघ्यावर चढतो. बटणं नकोत, चिकटपट्टी हवी. आणि जांभळा."

"असले आता कोण घेत नाही हो आजी," तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला. "सगळी सुखांबरच नेत्यात."

तेवढ्यात आतून म्हातारे मालक हात जोडत आले. माझे हात उठले आणि जोडले गेले. मी दात खात होते आणि हात अदबीने जोडलेले. मालक इतके प्रसन्न झाले की त्यांनी स्वतः माळ्यावर चढून धूळ खाणारा गठ्ठा काढला. त्यात जांभळा निघाला. साधा सुती, जरा फिका पडलेला, पण पाठीला शिवण नव्हती. तो चांगला होता असं मी म्हणणार नाही. अंगावर घातल्यावर काही करणार नाही, एवढी त्याच्याबद्दल खात्री होती.

व्हॅनमध्ये केतकीने माझी खुर्ची पट्ट्यांनी जखडली. मग म्हणाली, "काकांनी काय केलंय, आई?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती 'त्यांचंही बरोबर असेल' असं म्हणाली नाही, म्हणून मला ती त्या दिवसापासून आवडायला लागली. त्याआधी मी तिला कामसू समजत होते, आणि शहाणी समजायला हवं होतं.

"मी लग्न होऊन आल्यापासून दर सणाला वाकून त्यांच्या पाया पडतेय," ती म्हणाली. "ते माझ्याकडे बघतही नाहीत, फोनमध्ये असतात. तुमचं यंत्र अंगातून काढता येतं, आई. माझं कुठून काढू?"

मी पंच होते, मला खेळाचे नियम बदलायचा अधिकार कधी नव्हता.

लग्नाच्या सकाळी बिछान्यावर पैठणी पसरलेली होती, सुखांबराची, मोरपंखी. निनाद फोन घेऊन उभा.

"मी जांभळा गाऊन घालणार आहे," मी म्हणाले.

"आई, गाऊन? ऋजुताच्या लग्नात? लोक काय म्हणतील, मुलगा आईला साडीसुद्धा नेसवत नाही?"

"खरं तेच म्हणतील. नेसवतोस कुठे तू? बटण दाबतोस."

"त्याने तुझी पाठ ताठ राहत नाही. तू कलंडशील."

हे खरं होतं. गाऊनमध्ये मी डावीकडे कलते, छातीला पट्टा बांधावा लागतो, पट्ट्याने मी पोत्यासारखी दिसते. नाकाला हात लागणार नव्हता. हे सगळं मला त्याच्याहून जास्त माहीत होतं. "जांभळा," मी पुन्हा म्हणाले. शेवटी त्याने केतकीकडे पाहिलं, बायकोने सासूला समजवावं म्हणून.

"तू जा खाली, पाहुण्यांचं बघ," केतकी त्याला म्हणाली. "मी घालते."

तिने सावकाश घातला. आधी उजवा हात, मग डावा, मग मला कुशीवर घेऊन पाठीखालचं कापड ओढून सपाट केलं. तिची सकाळ गेली त्यात, मुलीच्या लग्नाची सकाळ. मधे ऋजुता हळदीच्या अंगाने डोकावली, गाऊन पाहून थबकली. तिला साडी हवी होती, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग म्हणाली, "केसांत गजरा तरी माळ," आणि स्वतःचा अर्धा तोडून देऊन गेली.

कार्यालयात जे व्हायचं ते झालं. बायका बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. एकीने केतकीला हळूच विचारलं, "सुखांबर बिघडलं का हो?" दुसरी म्हणाली, "आदल्या दिवशी तपासून घ्यायचं ना." मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझं नाक खाजायला लागलं. शेवटच्या अक्षता पडेपर्यंत ते तसंच खाजत होतं. मी डोळ्यांतून पाणी काढत बसले आणि लोकांना वाटलं, आजीला नातीचा वियोग सहन होत नाही.

मग भाऊजी आले. सोबत दोन्ही मुलगे, सुना, आणि फोटोवाला. वरपक्षाची मंडळीही मागे होती, कारण घरातला सर्वांत वडील माणूस चालला की माणसं मागे जातातच. ते माझ्या खुर्चीसमोर, बरोबर योग्य अंतरावर, येऊन थांबले. केळवणापासून त्यांना सवय लागली होती.

मी मान वळवली नाही. सरळ त्यांच्याकडे पाहिलं. माझे हात मांडीवर पडलेले होते, उताणे, जिथे केतकीने ठेवले होते तिथेच.

"आजी, नमस्कार करा," फोटोवाला म्हणाला.

काही झालं नाही. निनाद गर्दीतून पुढे आला, फोन काढला आणि दाबायला लागला. बिचारा सवयीने दाबत होता.

"अरे, गाऊनला काय दाबतोस?" मी म्हणाले.

"राहू दे, राहू दे," भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले. "मनात असला म्हणजे पोचला."

"मनातही नाही, भाऊजी," मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य. "सामान नमस्कार करत नसतं."

आवाज माझा बारीक आहे, पण गलक्यात कुठे फेकायचा हे मैदानाने शिकवलंय. जवळच्या सगळ्यांना ऐकू गेलं. काहींना ते असंबद्ध वाटलं असणार. भाऊजींना वाटलं नाही. त्यांचा चेहरा पडला. म्हणजे ते विसरले नव्हते. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते सहज बोलून विसरून गेले असतील, आणि मी एकटीच ते धरून बसले आहे.

"सामान काय?" निनाद म्हणाला. "काका, आई काय म्हणतेय?"

निनाद एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, दोन्ही बाजू समजून घ्यायला. केतकी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्याला दोन वाक्यांत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग त्याने फोन खिशात टाकला. समजून घेण्यासारखी दुसरी बाजू त्याला सापडली नाही, हे मी त्याच्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

वरपक्षाची मंडळी बघत होती. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला नव्हता. भाऊजींचे हात आधी झब्ब्याच्या कडेशी चाचपडले, मग वर आले आणि एकमेकांना लागले. ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले, घरातले सर्वांत वडील, धाकट्या भावाच्या बायकोपुढे. पश्चात्ताप होता की लोकलाज, मला माहीत नाही. मैदानावरही मी गड्याच्या मनात काय आहे ते कधी पाहिलं नाही.

पण एक गोष्ट मी तपासली. त्यांच्या गळ्यापासून मनगटापर्यंत नीट पाहून घेतलं. बटण नव्हतं, तार नव्हती. साधा सुती झब्बा होता.